हौशी यंत्रकामाचे सॉफ्टवेअर : ‘फुकट’ या शब्दामागचा हिशेब

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचे औरंगाबाद, हे शहर बाहेरच्या जगाला वेरूळ-अजिंठ्याचे प्रवेशद्वार म्हणून ठाऊक आहे. मात्र गेल्या चार दशकांत त्याची घडण झाली ती यंत्रांच्या सान्निध्यात. १९८५ मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान-मोठ्या शेडची रांग त्याच्या भोवती उभी राहिली. चिकलठाणा, रेल्वे स्टेशन परिसर, वाळूज आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींनी लेथ, मिलिंग आणि ग्राइंडिंगवर हात बसलेल्या कारागिरांच्या पिढ्या घडवल्या. चिकलठाण्यातील इंडो-जर्मन टूल रूम आणि आयटीआय यांनी त्यात प्रशिक्षित तरुणांची भर घातली. अशा शहरात एखाद्या निवृत्त टर्नरने किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने घरच्या गच्चीवरील खोलीत टेबलावर मावेल एवढे सीएनसी राउटर मांडले, तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. कुणाला मोटारसायकलचा दुर्मीळ भाग घडवायचा असतो, कुणाला दूरदर्शकाचा स्टँड, तर कुणाला सागवानी फळीवर घराच्या नावाची पाटी कोरायची असते.

यंत्र जुळवणे हे या छंदातले अवघड काम, अशी बहुतेकांची समजूत असते. वस्तुतः खरी अडचण त्यानंतर सुरू होते. यंत्र स्वतःहून काही कापत नाही. त्याला चित्र लागते, कटरने कोणत्या वाटेने जावे याचा आराखडा लागतो आणि तो आराखडा यंत्राला समजेल अशा भाषेत लिहावा लागतो. या तिन्ही गोष्टी सॉफ्टवेअर करते. कारखान्यात वापरली जाणारी मास्टरकॅम, एनएक्स किंवा कॅटियासारखी सॉफ्टवेअर घरगुती खिशाच्या आवाक्याबाहेरची आहेत. मग हौशी कारागीर एक तर ‘फुकट’ म्हणून जाहिरात झालेले सॉफ्टवेअर उतरवून घेतो, किंवा ओळखीच्या माणसाकडून पेनड्राइव्हवर ‘क्रॅक’ केलेली प्रत आणतो. या दोन्ही मार्गांवर पैसे दिसत नाहीत, पण किंमत असतेच. ती कुठे दडलेली असते, हे आधी समजून घेतले तर निवड बरीच सोपी होते.

साखळीचे चार दुवे

संख्यांच्या आधारे यंत्र चालवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने १९५२ मध्ये अशा मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक दाखवले होते. त्या काळी आज्ञा छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून दिल्या जात. पुढे या आज्ञांची एक सर्वमान्य भाषा तयार झाली. तिलाच आज जी-कोड म्हणतात. ‘जी-०’ म्हणजे न कापता वेगाने सरकणे, ‘जी-१’ म्हणजे ठरलेल्या फीडने सरळ रेषेत कापणे, ‘जी-२’ आणि ‘जी-३’ म्हणजे कंसाकार कापणे. वाळूजच्या कारखान्यातील मोठे मशिनिंग सेंटर असो की गच्चीवरचे राउटर, दोघांचीही मूळ भाषा हीच आहे. बोली मात्र थोडी थोडी वेगळी असते.

एक साधे उदाहरण घेऊ. हौशी यंत्रांमध्ये ‘नेमा २३’ मापाची स्टेपर मोटर बरीच वापरली जाते. ती बसवण्यासाठी ८० मिमी चौरस आणि १० मिमी जाड अशी ॲल्युमिनियमची प्लेट करायची आहे. मधोमध ३८.१ मिमी व्यासाचे भोक हवे आणि चार बोल्टची भोके एकमेकांपासून ४७.१४ मिमी अंतरावर हवीत. पहिला दुवा म्हणजे हे चित्र संगणकावर काढणे, अर्थात कॅड. दुसरा दुवा कॅम : कोणता कटर वापरायचा, एका फेरीत किती खोल जायचे, कोणत्या बाजूने कापायचे हे ठरवून कटरचा मार्ग, म्हणजे टूलपाथ आखणे. तिसरा दुवा पोस्ट प्रोसेसर : हा छोटासा दुभाषी टूलपाथचे रूपांतर आपल्या यंत्राच्या बोलीतील जी-कोडमध्ये करतो. चौथा दुवा कंट्रोलर : तो जी-कोड वाचून प्रत्यक्ष मोटरी फिरवतो.

सॉफ्टवेअर कितीही चांगले असले, तरी काही निर्णय माणसालाच घ्यावे लागतात. दोन धारांचा ६ मिमीचा कार्बाइड एंड मिल मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल आणि प्रत्येक धारेने ०.०३ मिमी चीप काढायची असेल, तर फीड येतो १०,००० गुणिले २ गुणिले ०.०३, म्हणजे मिनिटाला ६०० मिमी. हलक्या राउटरवर एका फेरीत १ मिमीच खोल जाता येते असे धरले, तर प्लेटच्या कडेने दहा फेऱ्या माराव्या लागतील. कटरच्या केंद्राची एक फेरी सुमारे ३३९ मिमीची होते. म्हणजे नुसती बाहेरची कड कापायला साधारण साडेपाच मिनिटे लागतील. हा हिशेब ज्याला जमतो, त्याला साधे सॉफ्टवेअरही पुरते. ज्याला जमत नाही, त्याचा कटर महागड्या सॉफ्टवेअरमध्येही तुटतो.

सुरुवात शेवटच्या दुव्यापासून

सॉफ्टवेअर निवडताना बहुतेक जण पहिल्या दुव्यापासून, म्हणजे चित्र काढण्याच्या सोयींपासून सुरुवात करतात. शहाणपणाचा क्रम नेमका उलटा आहे. आपल्या यंत्राचा कंट्रोलर कोणता, हा पहिला प्रश्न. कारण चौथा दुवा यंत्राबरोबर आलेला असतो आणि तो बदलणे खर्चाचे असते. पहिले तीन मात्र त्याच्याशी जुळवून घेता येतात.

लहान राउटरमध्ये आज सर्वाधिक आढळतो तो जीआरबीएल. सिमेन स्वाले स्कॉग्सरूड या नॉर्वेजियन तंत्रज्ञाने २००९ मध्ये तो प्रथम प्रसिद्ध केला. अर्डुइनोसारख्या स्वस्त सर्किटवर तो चालतो आणि त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. मात्र त्याची भाषा मोजकी आहे. भोके पाडण्याचे ‘जी-८१’ आणि ‘जी-८३’ हे तयार आज्ञाक्रम त्याला कळत नाहीत; ‘एम-६’ ही टूल बदलण्याची आज्ञाही तो स्वीकारत नाही. मोठ्या यंत्रासाठी बनवलेला जी-कोड दिला की काम मधेच थांबते आणि दोष यंत्राचा आहे असे वाटून नवखा माणूस वायरी तपासत बसतो. वास्तविक पोस्ट प्रोसेसर चुकीचा निवडलेला असतो. जीआरबीएलचा योग्य पोस्ट प्रोसेसर निवडून भोकांचे आज्ञाक्रम साध्या हालचालींत फोडून घेतले की काम सुरळीत होते.

दुसरा पर्याय लिनक्ससीएनसी. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेत १९९० च्या दशकात झालेल्या कामातून तो उपजला. जुन्या संगणकावरही चालणारा हा कंट्रोलर विनामूल्य असून त्याची भाषा बरीच समृद्ध आहे. जुन्या लेथला किंवा मिलिंगला मोटरी बसवून सीएनसी करणाऱ्यांसाठी तो विशेष उपयुक्त ठरतो. तिसरा माक-३. एकेकाळी हौशी वर्तुळात त्याचेच राज्य होते आणि जुन्या यंत्रांबरोबर तो आजही येतो. त्याची मूळ रचना संगणकाच्या पॅरलल पोर्टवर बेतलेली होती आणि तो पोर्ट चालवणारा ड्रायव्हर ६४-बिट विंडोजवर चालत नाही. त्यामुळे अनेकांनी केवळ त्याच्यासाठी जुना विंडोज एक्सपी संगणक जपून ठेवलेला असतो. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्येच काढून घेतला आहे. म्हणूनच जुने यंत्र विकत घेताना ‘कंट्रोलर कोणता?’ या प्रश्नासोबत ‘संगणक कोणता लागेल?’ हाही प्रश्न विचारलेला बरा.

काम सपाट की उठावाचे?

दुसरा प्रश्न कामाच्या प्रकाराचा. हौशी कामाचा मोठा भाग अडीच मितीचा असतो. म्हणजे कटर एका खोलीवर उतरतो, त्या पातळीत सपाट फिरतो आणि मग पुढच्या खोलीवर जातो. वर सांगितलेली मोटरची प्लेट, कंस, गिअरची कड, नावाची पाटी ही सगळी कामे याच प्रकारात मोडतात. त्यासाठी उभी-आडवी आणि खोली या तिन्ही दिशा एकाच वेळी हलवणारे महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. गणपतीची उठावदार मूर्ती, साचा किंवा वक्र पृष्ठभाग कोरायचा असेल तरच खऱ्या त्रिमिती टूलपाथची गरज पडते.

येथे फाइलच्या प्रकाराचाही विचार करावा लागतो. थ्रीडी प्रिंटिंगमुळे ‘एसटीएल’ ही फाइल सर्वांच्या परिचयाची झाली आहे. पण तिच्यात वस्तूचा पृष्ठभाग केवळ त्रिकोणांच्या तुकड्यांनी सांगितलेला असतो. गोल भोक तिच्यात गोल राहत नाही, बहुकोन होते. धातूकामासाठी ‘स्टेप’ ही फाइल योग्य; तिच्यात वर्तुळ हे वर्तुळ म्हणूनच राहते. सपाट कामासाठी ‘डीएक्सएफ’ किंवा ‘एसव्हीजी’ पुरते. सॉफ्टवेअर विकत घेण्यापूर्वी ते यांपैकी कोणत्या फाइल वाचते आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कोणत्या बाहेर देते, हे तपासणे आवश्यक आहे.

खरोखर मुक्त

विनामूल्य सॉफ्टवेअरचे दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांपासून वेगळे ओळखणे हेच या निवडीतले मुख्य कौशल्य. पहिला प्रकार मुक्त स्रोताचा. त्याचा मूळ कोड खुला असतो, वापरावर उत्पन्नाची मर्यादा नसते आणि उद्या मूळ निर्मात्याने काम सोडले तरी हातात असलेली आवृत्ती कुणी काढून घेऊ शकत नाही.

त्यातील प्रमुख नाव फ्रीकॅड. २००२ पासून जगभरचे स्वयंसेवक ते घडवत आहेत आणि त्याची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर ते चालते. चित्र आणि टूलपाथ हे दोन्ही दुवे त्यात एकाच ठिकाणी मिळतात. कड कापणे, खळगा काढणे, भोके पाडणे, कोरणे या नेहमीच्या क्रिया त्यात आहेत आणि जीआरबीएल, लिनक्ससीएनसी, माक-३ यांचे पोस्ट प्रोसेसरही सोबत येतात. पूर्वीच्या आवृत्त्यांत आधीच्या टप्प्यात एखादी कड बदलली की पुढचे सगळे चित्र विसकटत असे, १.० मध्ये हा दोष बराच कमी करण्यात आला. तरीही फ्रीकॅड शिकायला वेळ लागतो, हे मान्य करावे लागेल. त्याची किंमत पैशात नसून संध्याकाळींच्या तासांत चुकवावी लागते.

नुसते सपाट आरेखन हवे असेल तर लिब्रेकॅड हलके आणि सोपे आहे. ब्राउझरमध्येच चालणारे किरी-मोटो एसटीएल फाइलवरून टूलपाथ तयार करते. तयार झालेला जी-कोड यंत्रावर नेण्यापूर्वी पडद्यावर कापून पाहण्यासाठी कॅमोटिक्स हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. मिलिमीटरऐवजी इंच निवडले गेले, की १० मिमीची हालचाल २५४ मिमीची होते. अशी चूक पडद्यावर दिसलेली परवडते, यंत्रावर नाही.

मराठी पाट्या कोरणाऱ्यांच्या दृष्टीने इंकस्केप या चित्रकामाच्या मुक्त सॉफ्टवेअरचे महत्त्व वेगळे आहे. अनेक कॅड सॉफ्टवेअर रोमन अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून बनलेली असल्याने त्यांत देवनागरी मजकूर टाकला की जोडाक्षरे सुटी होतात आणि ऱ्हस्व इकार अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसतो. ‘ज्ञानेश्वर’ किंवा ‘लक्ष्मी’ असे नाव धड उमटत नाही. इंकस्केपमध्ये युनिकोड मराठी व्यवस्थित जुळते. तेथे नाव लिहून त्याचे रेषाकृतीत रूपांतर करावे आणि ती फाइल पुढे कॅम सॉफ्टवेअरमध्ये न्यावी. या ठिकाणी एक पायरी विसरून चालत नाही. देवनागरीत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. सर्व अक्षरांचा ‘युनियन’ करून एकच बाह्यरेषा केली नाही, तर कटर प्रत्येक अक्षराची सीमा स्वतंत्रपणे कापतो आणि शिरोरेषेवर जागोजागी चिरा पडतात. इंकस्केपसोबत जी-कोडटूल्स नावाचा जोडभागही येतो. साध्या कोरीवकामासाठी तेवढ्यावरही काम भागते.

अटींवर फुकट

दुसरा प्रकार व्यापारी कंपन्यांनी हौशी लोकांसाठी खुल्या केलेल्या सॉफ्टवेअरचा. यातील सर्वात परिचित म्हणजे ऑटोडेस्कचे फ्यूजन, जे जानेवारी २०२४ पर्यंत फ्यूजन ३६० या नावाने ओळखले जाई. गुणवत्तेच्या दृष्टीने ते हौशी माणसाला मिळणाऱ्या उत्तम साधनांपैकी एक आहे, याबद्दल दुमत नसावे. वैयक्तिक वापरासाठी ते विनामूल्य मिळते. पण ते घरगुती आणि बिगरव्यावसायिक कामासाठीच, आणि वार्षिक उत्पन्न १,००० अमेरिकी डॉलरच्या आत असेल तरच.

या परवान्याच्या अटी २०२० च्या शरद ऋतूत बदलल्या. एका वेळी केवळ १० चित्रे संपादनासाठी खुली ठेवता येतील, टूल आपोआप बदलण्याची आज्ञा मिळणार नाही, बहुअक्षीय काम होणार नाही आणि कटर हवेतून सरकतानाही कापण्याच्याच फीडने जाईल, असे निर्बंध आले. स्टेप फाइल बाहेर देण्याची सोयही काढून घेण्याचे कंपनीने जाहीर केले होते. वापरकर्त्यांच्या विरोधानंतर तेवढा निर्णय मागे घेण्यात आला.

हे निर्बंध हौशी माणसाला कितपत जाचतात? एखाद्या पाटीवर कटर १५० वेळा उचलावा लागतो आणि दर वेळी सरासरी ५० मिमी हवेत फिरतो असे धरू. एकूण ७,५०० मिमी. मिनिटाला ३,००० मिमीच्या वेगाने त्याला अडीच मिनिटे लागतील. १,००० मिमीच्या फीडने साडेसात. फरक पाच मिनिटांचा. रविवारी एक पाटी करणाऱ्याला तो जाणवणारही नाही. दिवसाला २० पाट्या करणाऱ्याचा मात्र एक तास चाळीस मिनिटांचा वेळ वाया जाईल. निर्बंधांची ही आखणी सहेतुक आहे : छंदाला मोकळीक, धंद्याला अडसर. कंपनीच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. मात्र एका रात्रीत अटी बदलू शकतात आणि चित्रे मुळात कंपनीच्या सर्व्हरवर साठवली जातात, हे वापरणाऱ्याने विसरू नये.

ऑनशेप हे ब्राउझरमध्ये चालणारे कॅडही विनामूल्य मिळते; परंतु विनामूल्य खात्यातील चित्रे सर्वांना खुली असतात. स्वतःची नवी कल्पना गुप्त ठेवू इच्छिणाऱ्याने ते टाळावे. सॉलिडवर्क्सची हौशी कारागिरांसाठीची आवृत्ती वर्गणीवर मिळते. तिला वार्षिक उत्पन्नाची २,००० डॉलरची मर्यादा आहे आणि तिच्यात काढलेले चित्र कारखान्यातील व्यावसायिक सॉलिडवर्क्समध्ये उघडत नाही. विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना ऑटोडेस्क शैक्षणिक परवाना देते. तो फक्त शिक्षणासाठी आहे, काकाच्या शेडमधील कामासाठी नाही.

एकदाच पैसे मोजून

या दोहोंच्या मध्ये तिसरा मार्ग आहे. व्हेक्ट्रिक कंपनीचे व्हीकार्व्ह किंवा कट-टूडी, कॅमबॅम, जर्मनीतील एस्टलकॅम ही सॉफ्टवेअर एकदा परवाना घेतला की कायम वापरता येतात. लाकडावरील कोरीवकामात व्हीकार्व्हची सुलभता विशेष आहे. तिरप्या धारेच्या कटरने अक्षराच्या जाडीनुसार खोली बदलत नेण्याचे काम ते सहज करते. चाचणी आवृत्त्या सर्वांच्याच मिळतात, पण त्यांच्या मर्यादा वेगवेगळ्या असतात. व्हेक्ट्रिकच्या चाचणी आवृत्तीत स्वतःच्या चित्राचा टूलपाथ बाहेर काढता येत नाही, म्हणजे ते यंत्राशी जुळते की नाही याची परीक्षा कंपनीने दिलेल्या नमुन्यांवरच करावी लागते.

एकदाच पैसे मोजण्याचा मार्गही संपूर्णपणे निर्धोक नाही. लाकडी नक्षीकामाच्या व्यवसायात आर्टकॅम हे नाव भारतभर घरोघरी पोहोचले होते. ते बनवणारी डेलकॅम ही ब्रिटिश कंपनी २०१४ मध्ये ऑटोडेस्कने विकत घेतली आणि २०१८ मध्ये आर्टकॅमची विक्री बंद झाली. पुढे त्याच पायावर कार्व्हेको हे वेगळे उत्पादन आले, ही गोष्ट वेगळी. सॉफ्टवेअर कोणाचेही असो, मूळ चित्रांची एक प्रत स्टेप, डीएक्सएफ किंवा एसव्हीजी अशा सर्वमान्य प्रकारात स्वतःच्या संगणकावर ठेवण्याची सवय यामुळेच महत्त्वाची ठरते. कंपनी गेली तरी चित्र राहते.

पेनड्राइव्हवरची प्रत

राहता राहिला तो चोरीच्या प्रतीचा मार्ग. ‘घरातच वापरतो, कोण विचारणार?’ असा युक्तिवाद सर्रास केला जातो. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ मधील कलम ६३-ब या बाबतीत स्पष्ट आहे. संगणक सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वापर आर्थिक लाभासाठी किंवा व्यवसायासाठी नसेल, तर न्यायालय कारणे नमूद करून कैद टाळू शकते. तरीही ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद उरतेच.

कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहाराचा प्रश्न राहतो. ‘क्रॅक’ चालवण्यासाठी संगणकाचे व्हायरसरोधक बंद करावे लागते आणि त्याच संगणकावर बहुधा घरातील बँकेचे व्यवहारही होत असतात. अशा प्रतीला सुधारित आवृत्ती मिळत नाही, पोस्ट प्रोसेसर बिघडला तर विचारायला कुणी नसते. आणि सर्वात मोठे नुकसान कौशल्याचे. जे साधन पुढे कधीच विकत घेता येणार नाही, त्यावर दोन वर्षे हात बसवून उपयोग काय?

छंद आणि जॉबवर्क यांची सीमा

हा प्रश्न या शहरात अधिक टोकदार होतो, याला कारण येथील औद्योगिक स्वभाव. दुसऱ्या एखाद्या गावात छंद हा छंदच राहील. येथे मात्र शेजारच्या गल्लीत कुणाची तरी शेड असते, नात्यातले कुणी तरी व्हेंडर असते. गच्चीवरच्या यंत्रावर नीट झालेली प्लेट त्यांच्या नजरेस पडली, की ‘अशा दहा करून देता का?’ ही विचारणा येतेच. पैसे हातात पडले त्या क्षणी छंद जॉबवर्क होतो आणि वैयक्तिक वापराचा परवाना त्या कामाला लागू राहत नाही. १,००० डॉलर ही रक्कम ऐकायला मोठी वाटते. रुपयांत ती महिन्याला साधारण सात-आठ हजार भरते. लहानसहान जॉबवर्क करणारा माणूसही ती सहज ओलांडतो. शिवाय मर्यादेच्या आत असला, तरी काम बिगरव्यावसायिक असण्याची अट आहेच. त्या वळणावर त्याच्यापुढे तीनच वाटा उरतात : वार्षिक वर्गणी भरणे, अटींचा भंग करणे किंवा नवे सॉफ्टवेअर पहिल्यापासून शिकणे. नवा धंदा उभा करण्याच्या काळात यांपैकी एकही वाट सोयीची नसते.

म्हणून निवड करताना आजच्या गरजेइतकाच पुढच्या दोन वर्षांचा विचार करावा. छंद हा निव्वळ छंदच राहणार, विक्रीचा हेतू नाही, अशी खात्री असेल तर फ्यूजनचा वैयक्तिक परवाना निःसंकोच घ्यावा. तेवढ्या दर्जाचे साधन विनामूल्य मिळणे दुर्मीळ आहे. पुढेमागे कमाई व्हावी अशी थोडी जरी इच्छा असेल, तर सुरुवातीचा त्रास सोसून फ्रीकॅडवर हात बसवणे दूरदृष्टीचे ठरेल, कारण पहिल्या ऑर्डरच्या दिवशीही त्यात काहीच बदलत नाही. मुख्य काम लाकडी पाट्यांचे आणि वेळ कमी असेल, तर इंकस्केपमध्ये अक्षरे जुळवून व्हेक्ट्रिकसारखे एकदाच विकत घेण्याचे सॉफ्टवेअर वापरावे. दोन-चार पाट्यांच्या कमाईत नाही, पण काही महिन्यांत तो खर्च भरून निघू शकतो. कारखान्यात नोकरी मिळवणे हा हेतू असलेल्या विद्यार्थ्याने शैक्षणिक परवान्यावर उद्योगातील सॉफ्टवेअर शिकावे. मात्र घरच्या यंत्रासाठी दुसरे साधन ठेवावे.

शिकण्याच्या सोयी

मुक्त सॉफ्टवेअरबाबत ‘शिकवणार कोण?’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे ध्वनिचित्र पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून दिले आहेत. इंकस्केपची पाठमालाही या प्रकल्पात आहे. हाताने घडवता घडवता शिकण्याची परंपराही महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला आणि २००२ मध्ये एमआयटीबाहेरची जगातील पहिली फॅब लॅब तेथेच उभी राहिली. संगणकावर चालणाऱ्या लहान यंत्रांवर स्वतःच्या गरजेची वस्तू स्वतः घडवावी, ही फॅब लॅबमागची कल्पना. ज्या एमआयटीने सात दशकांपूर्वी पहिले संख्यानियंत्रित यंत्र दाखवले, तिच्याच एका केंद्राने अशा प्रयोगशाळांसाठी ब्राउझरमध्ये चालणारे विनामूल्य टूलपाथ सॉफ्टवेअरही तयार केले आहे.

पैसे किंवा वेळ गुंतवण्यापूर्वी करायची परीक्षा एकच आणि साधी आहे. मोटरच्या प्लेटसारखी एक छोटी वस्तू घ्यावी आणि निवडलेल्या सॉफ्टवेअरने ती चारही दुव्यांतून शेवटपर्यंत न्यावी : चित्र काढावे, टूलपाथ आखावा, स्वतःच्या कंट्रोलरचा जी-कोड काढावा, पडद्यावर कापून पाहावा. नंतर यंत्रावर कटर जॉबच्या काही मिलिमीटर वर ठेवून हवेतच एकदा संपूर्ण फिरवावा आणि मगच थर्माकोलवर किंवा स्वस्त प्लायवर कापावा. शेवटी व्हर्नियरने बोल्टच्या भोकांचे अंतर मोजावे. ते ४७.१४ मिमीच्या जवळपास आले आणि मोटर जागेवर बसली, तर ते सॉफ्टवेअर त्या यंत्राला आणि त्या माणसाला चालते. जाहिरातीतील वैशिष्ट्यांची यादी वाचून हा निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी एक रविवार खर्ची घालावा लागतो, आणि त्याच रविवारी परवान्याच्या अटींची दोन पानेही वाचून काढावी लागतात.